पर्समध्ये मावतं म्हणून घेऊ नकोस

या वेळचं पत्र टेक्ससहून, ह्यूस्टनजवळच्या केटीमधून आलंय. थोडं कापून देते.

"मावशी, माझं वय ३९, उंची पाच फूट एक इंच. माझी स्वतःची छोटी फार्मसी आहे, आठवड्यातून तीन दिवस रात्री मीच बंद करते आणि मागच्या पार्किंगमधून एकटी गाडीपर्यंत जाते. गेल्या महिन्यात शेजारच्या दुकानात बंदूक दाखवून लूट झाली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मला ग्रीन कार्ड आहे. बजेट ५०० डॉलर. दुकानदाराने एकदम छोटं .३८० मापाचं पिस्तूल दाखवलं, पर्समध्ये सहज मावतं, गुलाबी रंगात पण आहे. नवऱ्याचा मित्र म्हणतो रिव्हॉल्व्हर घे, त्यात काही अडकत नाही. घरात सहा वर्षांचा मुलगा, दीर एफ-वनवर शिकतोय तो आमच्याकडेच असतो, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. डिसेंबरात पुण्याला जाणार आहोत. परवाना लागतो का? कुठलं घेऊ? — घाबरट नाही, सावध."

अगं सावध, पहिलं म्हणजे ते गुलाबी खाली ठेव.

रंगावर माझा राग नाहीये, आकारावर आहे. मी २०११ मध्ये पहिलं पिस्तूल घेतलं तेव्हा सेम असंच झालं होतं, दुकानातला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला लेडीजसाठी हे बेस्ट, हातात घेतलं तर खेळण्यासारखं हलकं, मी खूश, आमचे हे पण खूश कारण स्वस्तात पडलं. रेंजवर गेले आणि पाचव्या गोळीला अंगठ्याच्या बेचक्यात असं काही हाणलं त्याने की डोळ्यात पाणी, दहाव्या गोळीला मी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. ते पिस्तूल पुढे दोन वर्षं कपाटात पडून होतं, कारण चालवायचीच भीती बसली.

ह्यात जादू काही नाही. गोळी पुढे जाते तेवढा धक्का मागे येतोच आणि तो शोषून घ्यायला पिस्तुलाचं वजनच कामाला येतं. रूगर एलसीपी मॅक्ससारखं .३८० म्हणजे जेमतेम ३०० ग्रॅम, त्यात धरायला जागा इतकी कमी की करंगळी हवेत. नळी पावणेतीन इंच, वरचं नेम धरायचं निशाण बारीक. ही पिस्तुलं वाईट नाहीत हां, ज्याचा हात बसलाय त्याच्या खिशात ती उत्तम, पण पहिलं पिस्तूल म्हणून सगळ्यात छोटं घेणं म्हणजे पोहायला शिकायचंय म्हणून डायरेक्ट विहिरीत उडी. जितकं छोटं तितकं चालवायला अवघड, हे दुकानात कोणी सांगत नाही कारण दुकानात गोळी झाडायची नसते ना, नुसतं हातात धरून बघायचं असतं.

आता नवऱ्याच्या मित्राचं रिव्हॉल्व्हर. तो खोटं बोलत नाहीये, छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसन ६४२ म्हण किंवा रूगर एलसीआर म्हण, साधं सरळ असतं, गोळी नाही सुटली तर परत चाप ओढायचा, पुढची येते. पण तो चाप किती जड असतो ते त्याने सांगितलं का? प्रत्येक गोळीला तो लांबच्या लांब ओढत न्यायचा, बोट छोटं असेल तर ओढता ओढता अख्खी गन एका बाजूला वळते. आणि गोळ्या पाच. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे धक्का परत आहेच. वर ती चारशे-साडेचारशे डॉलरच्या खाली सहसा मिळत नाहीत, स्वस्त पण नाही. पुरुष मंडळी बायकांना रिव्हॉल्व्हर का सुचवतात माहितीये, त्यांना वाटतं हिला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे सरकणारा भाग, ओढता येणार नाही. येते गं. चिमटीत धरून मागे ओढायला गेलीस तर नाही येणार. डाव्या हाताची अख्खी मूठ स्लाइडच्या मागच्या भागावर घट्ट आवळ, नळीचं तोंड समोर टार्गेटकडे, बोट चापाच्या बाहेर, पिस्तूल छातीजवळ आण आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल, डावा हात मागे. पोळीची कणीक मळतो तसा खांद्यातून जोर लावायचा, मनगटातून नाही. माझ्या ओळखीतल्या ६५ वर्षांच्या एक बाई, बोटांचा संधिवात आहे, त्या करतात.

तरी नाहीच जमलं तर त्यासाठीच बनवलेलं पिस्तूल आहे, स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी. २०१८ मध्ये .३८० मापात आलं आणि २०२० मध्ये ९ एमएम मापात. स्लाइड खरंच मऊ, मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची डबी, तिच्या बाजूला छोटा खटका आहे तो दाबून गोळ्या भरायच्या म्हणजे नखं तुटत नाहीत, मागच्या बाजूला ग्रिप सेफ्टी आहे, मूठ नीट आवळल्याशिवाय चाप चालत नाही. आठ गोळ्या मॅगझिनमध्ये. किंमत साधारण चारशेच्या आगेमागे. थोडं लांबट आहे, पण तुझ्या पांढऱ्या कोटाखाली लपेल. एक मात्र, सेकंडहँड घेणार असशील तर २०२० च्या मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या ९ एमएम ईझीमध्ये हॅमरचा दोष निघाला होता आणि कंपनीने ती परत मागवली होती, तेव्हा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा आणि मगच पैसे मोजायचे.

स्लाइड ओढता येत असेल तर मग तुझ्या बजेटमध्ये मी टॉरस जी३सी बघ म्हणेन. ब्राझीलची कंपनी, अमेरिकेतला कारखाना जॉर्जियात बेनब्रिजला. अडीचशे ते तीनशे डॉलरमध्ये येतं, बारा गोळ्यांचं मॅगझिन, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, अंगठ्याने लावायची सेफ्टी पण आहे. मेख काय, तर चापाची ओढ थोडी ढिसाळ आणि कंपनीचा जुना इतिहास फार स्वच्छ नाही, काही जुन्या मॉडेलांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तडजोड करावी लागली होती. जी३सी त्यातलं नाही, पण फोरमवरचे लोक टॉरस म्हटलं की नाक मुरडतात त्याचं कारण हे. मी नाक मुरडत नाही. दोनशे गोळ्या न अडकता गेल्या की ते पिस्तूल चांगलं, नावाला काय चाटायचंय.

शंभर दीडशे जास्त टाकू शकलीस तर शील्ड प्लस, ग्लॉक ४३ एक्स, सिग पी३६५, ह्यातलं जे हातात बसेल ते. पी३६५ जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि ह्या सगळ्या बाजाराची गंमतच बदलली, त्याच्या आधी एवढ्याशा पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावायच्या, ह्याने दहा बसवल्या, मग सगळ्यांना धावावं लागलं. ४३ एक्स मला स्वतःला आवडतं कारण मूठ लांब आहे पण जाडी कमी, आपल्यासारख्या छोट्या पंज्याला बरं पडतं. पण ह्या तिन्हींच्या मागे लागून पाचशेचे पाचशे पिस्तुलावरच घालवू नकोस, आणि इथेच बहुतेक लोक फसतात.

बघ हिशोब. टॅक्स धरायचा, ह्यूस्टन भागात सव्वाआठ टक्के. चांगलं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं कवच, पन्नास ते सत्तर. जाड बेल्ट चाळीसेक, कारण नेहमीच्या बेल्टवर पिस्तूल लोंबकळतं आणि पँट घसरते, हसू नकोस, एच-ई-बीमध्ये भाजी घेताना झालंय माझं. बोटांच्या कोडने पटकन उघडणारी छोटी तिजोरी शंभरच्या पुढे. सरावाच्या ९ एमएमच्या ५० गोळ्यांचा डबा पंधराच्या आसपास, .३८० चा त्याहून महाग, गोळी छोटी असून, हे पण एक कारण मी ९ एमएम म्हणते त्याचं. पहिल्या तीन महिन्यांत पाचशे गोळ्या तरी झाडशील तर दीडशे तिथेच. वर बाळगायच्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळ, गोळ्या वेगळ्या, त्या महाग, आणि त्यातल्या पण पन्नासेक तुझ्या पिस्तुलातून झाडून बघायच्या, काही पिस्तुलांना काही गोळ्या पचत नाहीत. क्लासची फी. म्हणजे पाचशे हे सगळं मिळून असेल तर पिस्तूल तीनशेच्या वर नको आणि तरीही दोनेकशे तरी वर जाईलच, आधीच सांगून ठेवते.

पण विकत घ्यायच्या आधी एक शनिवार दे मला. केटी-ह्यूस्टन भागात रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात, तीन-चार वेगवेगळी घे, प्रत्येकातून वीस-पंचवीस गोळ्या झाड, सोबत इन्स्ट्रक्टर घे, नवरा नको. नवरा घरी मुलाला सांभाळू दे. नवऱ्याकडून गाडी शिकल्याचा अनुभव आठव आणि त्यात आवाज मिसळ. सातव्या-आठव्या गोळीनंतर ज्याच्यात तुझे डोळे मिटत नाहीत, ज्याच्यात चापापर्यंत बोट सहज पोचतं आणि मूठ सारखी बदलावी लागत नाही, ते तुझं. मी वर लिहिलेली नावं त्यात बसली नाहीत तर मला काही वाईट वाटणार नाही.

पर्स. नाही. हे नाही मी जरा ठासून म्हणते. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोत हेडन गावात एक तरुण आई दुकानात गेली होती, दोन वर्षांचं पोर शॉपिंग कार्टमध्ये, पर्स त्याच्या शेजारी, आणि ती पर्स मुद्दाम गन ठेवण्यासाठी बनवलेलीच होती, वेगळा चेनचा कप्पा वगैरे. पोराने चेन उघडली, गोळी सुटली. आई जागेवर गेली. तुझा सहा वर्षांचा आहे, त्याला तर चेन, वेल्क्रो, फोनचा पासवर्ड सगळं उघडता येत असणार. शिवाय पर्स आपण खाली ठेवतो, विसरतो, चोर पहिलं काय ओढतो तर पर्सच. पिस्तूल अंगावर, कडक होल्स्टरमध्ये, ज्याच्यात चाप पूर्ण झाकलेला असतो. लेगिंग आणि कुर्ता घालतेस तेव्हा पोटावर बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, चालेल, पण त्यात कडक कवच बसवलेलं असेल तरच, नुसत्या मऊ कापडातून चाप दाबला जाऊ शकतो. आणि परत होल्स्टरमध्ये ठेवताना घाई नाही, बघून ठेवायचं, कुर्त्याचं टोक आत अडकलं की तेच बोटाचं काम करतं.

घरी आलीस की पिस्तूल अंगावर नाहीतर तिजोरीत, तिसरी जागा नाही. उशीखाली, कपाटावर, देव्हाऱ्यामागे (हसू नको, बघितलंय मी) हे काही नाही. टेक्ससमध्ये निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली गन १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागली तर तो तुझ्यावर गुन्हा आहे.

आणि तिजोरीचा कोड दिराला आणि सासूबाईंना द्यायचा नाही. विश्वास नाही म्हणून नाही, कायदा म्हणून. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने गन किंवा गोळी जवळ बाळगणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली, गुन्हा आहे, एफ-वन, एच-वन-बी, एल-वन, टुरिस्ट, सगळे त्यात आले. शिकारीचा परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय वापरायचे नाहीत. आपल्या लोकांत हे कोणालाच माहीत नसतं, वीकेंडला दहा जण रेंजवर जातात, त्यातले आठ एच-वनवर, आणि वर फोटो टाकतात. दिराला म्हणावं तू नको येऊस. आणि त्याच्यासाठी म्हणून तू विकत घेणं तर अजिबातच नाही, तो वेगळा मोठा गुन्हा.

तू स्वतः ग्रीन कार्डवर आहेस तर घेऊ शकतेस. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात तुझा ग्रीन कार्डवरचा एलियन नंबर टाकायचा, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आत्ताचाच हवा, घर बदललं असेल तर आधी तो बदलून घे. मग ते बॅकग्राउंड चेक करतात. फॉर्ममध्ये गांजाबद्दल पण प्रश्न आहे, दुसऱ्या राज्यात चालतो म्हणून काय झालं असं तिथे म्हणायचं नाही, फेडरल फॉर्म आहे, खोटं लिहिलं तर वेगळा गुन्हा. आणि एक गोष्ट ग्रीन कार्डवाल्यांनी नीट ऐकायची, बंदुकीच्या कायद्याखाली दोषी ठरलात तर देशाबाहेर काढू शकतात. सिटिझन शेजाऱ्याला जे दंडावर निभावतं ते तुला निभावेलच असं नाही.

म्हणूनच परवाना. लागतो का, तर नाही, १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय बाळगता येतं. तरी तू काढ. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा क्लास, बोटांचे ठसे, आणि ५० गोळ्यांची परीक्षा, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ मिळाले की पास. तुला ते जमेल, टार्गेट माणसाएवढं असतं. फायदा काय, तर शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांत भरलेली गन नेणं फेडरल कायद्याने मना आहे आणि राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट आहे. ह्यूस्टन भागात १००० फुटांवर शाळा नाही असा रस्ता दाखव मला, मुलाला रोज सोडतेसच. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी नाही, आणि आपल्या मंडळाचे कार्यक्रम बऱ्याचदा शाळेच्या ऑडिटोरियममध्ये असतात, तेव्हा गणपतीला जाताना आधी विचार करायचा, गाडीत लॉकबॉक्स ठेवायचा. दारावरच्या पाट्या वाचायची सवय लाव, ३०.०६ लिहिलेली पाटी म्हणजे परवानावाल्यांनी पण लपवून आणायची नाही, लाल ५१ टक्केवाली म्हणजे बार, तिथे नाहीच. दारू प्यायची असेल त्या दिवशी पिस्तूल घरी.

इतर राज्यांतल्या मैत्रिणींनो, हे सगळं टेक्ससचं आहे बरं का. न्यू जर्सीत तर हँडगन घ्यायलाच आधी परमिट लागतं. तिथल्या एडिसनमधल्या बहिणीकडे जाताना केटीचं पिस्तूल डिकीत टाकून जायचं नाही.

आता दुकानाचं. तू फार्मासिस्ट आहेस, काउंटरवर औषधं मागायला येणाऱ्याला कोणती औषधं हवी असतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. समोर कोणी बंदूक धरून उभा असेल तर त्याला पैसे आणि औषधं देऊन टाक, हात दाखव, जाऊ दे. आधीच रोखलेल्या बंदुकीपुढे आपण पिस्तूल काढून जिंकत नाही. पळणाऱ्याच्या मागे जायचं नाही. पिस्तूल त्या वेळेसाठी जेव्हा देऊनही भागत नाही, जेव्हा तो तुला मागच्या खोलीत चल म्हणतो. आणि तुझी खरी भीती पार्किंगची आहे ना, तर पिस्तुलाआधी मागे एक मोठा दिवा लावून घे, गाडी मागे न ठेवता पुढच्या दारासमोर ठेव, कॅश बंद करायची वेळ रोज बदल, दोघी मिळून निघा. आणि पेपर स्प्रे पंधरा डॉलरला मिळतो, तो किल्लीला लाव, दहातली नऊ वेळा दारूडा किंवा कुत्राच असतो समोर.

सराव महिन्यातून एकदा रेंजवर, आणि मधल्या दिवसांत घरी रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, मॅगझिन काढून, आत बोट घालून दोनदा बघून, मग जाड भिंतीकडे नेम धरून चाप ओढायचा. दहा मिनिटं पुरे. पोरगा झोपल्यावर.

पुण्याचं राहिलं. पिस्तूल न्यायचं नाही हे तुला माहितीच आहे, पण खरी फजिती पिस्तुलाने होत नाही, एका गोळीने होते. रेंजवर बॅगेच्या अस्तरात एखादी सरकते, सहा महिने कोणाला कळत नाही आणि मुंबई-पुण्याच्या विमानतळावर परतीच्या चेकिंगला मशीन ओरडतं. आर्म्स ॲक्टखाली केस होते, विमान चुकतं, पुढे वकील आणि तारखा. 'मी विसरलेच होते, चुकून आलीये' हे सांगून तिथल्या तिथे सुटका होत नाही. म्हणून रेंजची बॅग वेगळी, स्वस्तातली, भडक रंगाची घे (इथे गुलाबी चालेल), आणि प्रवासाच्या सामानाजवळ तिला फिरकू देऊ नको. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या जॅकेटचे खिसे पण उलटे करून बघ, नवऱ्याच्या तर दोनदा.